दिवस न भरता जन्मणारी बाळे : संसर्ग आणि प्रतिकारशक्तीचा शोध

नागपूरची रामदासपेठ आणि तिला लागून असलेली धंतोली हा दवाखान्यांचा आणि खासगी रुग्णालयांचा परिसर म्हणून ओळखला जातो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळ येथून, तसेच राज्याच्या सीमेपलीकडील छिंदवाडा, बालाघाट या जिल्ह्यांतूनही रुग्ण येथे आणले जातात. त्यांत दिवस भरण्यापूर्वीच कळा सुरू झालेल्या स्त्रिया असतात आणि किलो-दीड किलो वजनाची नवजात बाळेही असतात. बाळ काचेच्या पेटीत ठेवले गेले की बाहेर थांबलेल्या नातेवाइकांच्या तोंडी एकच प्रश्न येतो : काय चुकले? मग उत्तरेही ठरलेली असतात. तिने जड उचलले, पपई खाल्ली, प्रवास केला. बोट बहुधा त्या स्त्रीकडेच वळते.

वैद्यकशास्त्राचे उत्तर मात्र वेगळे आहे. मुदतपूर्व प्रसूतीमागे अनेकदा कोणतेही लक्षण न दाखवणारा जंतुसंसर्ग असतो आणि त्या संसर्गाला आईच्या किंवा गर्भाच्या शरीराने दिलेला प्रतिसाद असतो. हे कोडे सोडवण्याच्या जागतिक प्रयत्नांत नागपूर परिसरातील गावांमधील हजारो गर्भवतींचा वाटा आहे. या संशोधनातून काही उपाय निघाले, तर काही समजुती मोडीत निघाल्या.

मुदतपूर्व म्हणजे केव्हा?

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले असता गर्भारपणाचा पूर्ण काळ सुमारे ४० आठवड्यांचा असतो. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी झालेल्या प्रसूतीला मुदतपूर्व प्रसूती म्हणतात. २८ आठवड्यांपूर्वीची बाळे अत्यंत अपरिपक्व, २८ ते ३२ आठवड्यांमधील बाळे बरीच अपरिपक्व आणि ३२ ते ३७ आठवड्यांमधील बाळे मध्यम ते सौम्य अपरिपक्व मानली जातात. सातव्या महिन्यातले बाळ जगते, पण आठव्यातले जगत नाही, अशी एक समजूत महाराष्ट्रात रूढ आहे. तिला शास्त्रीय आधार नाही. गर्भाशयात मिळालेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या जगण्याची शक्यता वाढवतो.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या सहभागाने २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार, २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे मुदतीपूर्वी जन्मली. म्हणजे दर दहा बाळांमागे एक. त्यांपैकी सुमारे ३० लाख बाळे भारतातील होती. हा आकडा जगात सर्वांत मोठा आहे. पाच वर्षांखालील बालमृत्यूंचे सर्वांत मोठे कारण मुदतपूर्व जन्मातून उद्भवणारी गुंतागुंत हेच आहे. २०२० सालच्या नमुना नोंदणी पाहणीनुसार भारतात दर हजार जिवंत जन्मांमागे २० नवजात बाळे पहिल्या २८ दिवसांत दगावत होती, तर महाराष्ट्रात हे प्रमाण ११ होते. राज्याची सरासरी दिलासा देणारी असली, तरी शहर आणि दुर्गम भाग यांतील अंतर सरासरीत दिसत नाही.

जंतू गर्भापर्यंत कसे पोहोचतात?

मुदतपूर्व प्रसूतीची कारणे अनेक आहेत. जुळे गर्भ, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, रक्तक्षय, वारेचे विकार, गर्भाशयमुखाची दुर्बलता ही त्यांतील काही. अंदाजे २५ ते ४० टक्के प्रसूतींमागे गर्भाशयातील संसर्ग असावा, असे अभ्यासक मानतात. नेमका आकडा सांगणे अवघड आहे, कारण असे संसर्ग बहुधा मूक असतात. आईला ताप येत नाही, वेदना होत नाहीत आणि नेहमीच्या तपासणीतही काही आढळत नाही.

जंतूंचा सर्वांत नेहमीचा मार्ग खालून वर जाणारा असतो. योनिमार्गात एरवी लॅक्टोबॅसिलस या उपयुक्त जिवाणूंचे वर्चस्व असते. ते लॅक्टिक आम्ल तयार करून इतर जंतूंना आवर घालतात. हा समतोल ढळला की गार्डनेरेला, युरियाप्लाझ्मा, मायकोप्लाझ्मा यांसारख्या जंतूंची वाढ होते. गर्भाशयमुखाजवळील घट्ट श्लेष्मा हा पुढचा पहारा असतो. तो ओलांडला गेल्यास जंतू पाणमोटेच्या पडद्यापर्यंत आणि कधी गर्भजलातही पोहोचतात. दुसरा मार्ग रक्तातून वारेकडे जाणारा असतो. हिवतापाचे परजीवी, सिफिलिसचे जंतू आणि काही विषाणू या वाटेने येतात.

यापुढचे काम जंतूपेक्षा शरीराची प्रतिकारयंत्रणाच अधिक करते. पेशींवरील ‘टोल-सदृश’ ग्राहक जंतूंच्या आवरणातील द्रव्ये ओळखतात आणि धोक्याचा इशारा देतात. इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६, टीएनएफ ही दाह निर्माण करणारी रसायने पाझरू लागतात. त्यांच्यामुळे प्रोस्टाग्लँडिनचे प्रमाण वाढते आणि गर्भाशय आकुंचन पावू लागते. त्याच वेळी पांढऱ्या पेशींमधील विकरे पाणमोटेचा पडदा आणि गर्भाशयमुखातील तंतू सैल करतात. कळा येणे, मुख उघडणे आणि पाणमोट फुटणे या तिन्ही गोष्टी मुदतीआधीच घडून येतात. एका अर्थाने शरीर संसर्गाच्या जागेतून गर्भाला बाहेर काढत असते. परंतु त्या वेळी बाळाची फुप्फुसे श्वास घेण्यास तयार झालेली नसतात.

दाह गर्भाच्या रक्तातही पोहोचला, तर त्याला ‘गर्भाचा दाह-प्रतिसाद’ म्हणतात. अशा बाळांमध्ये मेंदूतील पांढऱ्या भागाला इजा होण्याचा आणि फुप्फुसांचा दीर्घकालीन विकार जडण्याचा धोका अधिक असतो.

प्रतिकारशक्तीचा तोल

गर्भाचा निम्मा आनुवंशिक वारसा पित्याकडून आलेला असतो. मग आईचे शरीर परक्या अवयवाप्रमाणे त्याला नाकारत कसे नाही? हा प्रश्न ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावार यांनी १९५३ साली मांडला. गर्भारपणात आईची प्रतिकारशक्ती दबलेली असावी, असा तर्क त्यानंतर बराच काळ प्रचलित होता. आजचे आकलन अधिक सूक्ष्म आहे. प्रतिकारशक्ती दबत नाही, तर टप्प्याटप्प्याने बदलते. गर्भ रुजताना सौम्य दाह आवश्यक असतो. मधल्या महिन्यांत नियामक टी-पेशी शांतता राखतात. दिवस भरल्यावर पुन्हा दाहाचा टप्पा येतो आणि कळा सुरू होतात. गर्भाशयातील नैसर्गिक मारक पेशीही, नावाच्या विपरीत, वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या रुंद करण्याच्या कामी येतात. संसर्गामुळे हा ठरलेला क्रम मोडतो आणि शेवटचा टप्पा आधीच सुरू होतो.

या बदलांमुळे काही आजार गर्भवतीला अधिक त्रास देतात. हिपॅटायटिस ‘ई’ची कावीळ एरवी बहुधा आपोआप बरी होते, पण गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत ती प्राणघातक ठरू शकते. फ्लू आणि कोविड यांचाही अनुभव असाच आहे. मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्थेच्या पुढाकाराने ‘प्रेगकोविड’ ही नोंदवही तयार झाली. तिच्यातील महाराष्ट्रातील १८ रुग्णालयांच्या, चार हजारांहून अधिक कोविडबाधित गर्भवतींच्या माहितीत मुदतपूर्व प्रसूती ही सर्वांत जास्त आढळलेली गुंतागुंत होती. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये गर्भवतींना कोविड लस घेण्यास परवानगी दिली.

बाळाच्या बाजूने पाहिले तर नुकसान दुहेरी असते. आईच्या रक्तातील ‘आयजीजी’ प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात, पण त्यांचा मोठा भाग शेवटच्या तिमाहीत पोहोचतो. २८ ते ३२ आठवड्यांच्या सुमारास बाळाच्या रक्तातील त्यांची पातळी आईच्या जेमतेम निम्मी असते. दिवस भरल्यावर ती आईपेक्षाही जास्त होते. म्हणजे ज्या बाळाला संरक्षणाची गरज सर्वाधिक असते, त्याच्याच वाट्याला ते सर्वांत कमी येते.

विदर्भातील वास्तव

स्त्रियांच्या मूक संसर्गांकडे जगाचे लक्ष वेधण्याचे श्रेय विदर्भातील एका अभ्यासाला जाते. गडचिरोलीतील ‘सर्च’ संस्थेचे डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी सहकाऱ्यांसह दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अनेक स्त्रीरोग होते आणि त्यांतील सुमारे निम्मे विकार जननमार्गाच्या संसर्गाचे होते. यापूर्वी कधीतरी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ आठ टक्के होत्या. अंगावरून पांढरे जाणे हे बाईच्या जातीला लागलेलेच, असे मानून सोसले जाणारे दुखणे प्रत्यक्षात आजार होते, हे या अभ्यासाने आकड्यांनिशी दाखवून दिले.

याशिवाय विदर्भाचे स्वतःचे काही धोके आहेत. सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष येथील अनेक समाजांत आढळतो. या आजारात प्लीहेचे कार्य मंदावत असल्याने संसर्गाशी लढण्याची क्षमता घटते आणि गर्भारपणात मूत्रमार्गाचे संसर्ग, रक्तक्षय व मुदतपूर्व प्रसूती यांचा धोका वाढतो. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात फॅल्सिपॅरम हिवताप आहे. त्याने बाधित झालेल्या रक्तपेशी वारेत अडकून राहतात आणि गर्भाचे पोषण तोडतात.

प्रतिजैविके दिली की झाले?

संसर्ग हे कारण असेल, तर प्रतिजैविके हा उपाय असणार, असे कोणालाही वाटेल. ब्रिटनमधून समन्वय झालेल्या ‘ओरॅकल’ चाचण्यांनी २००१ साली या तर्काला मर्यादा घातली. पाणमोट मुदतीआधी फुटलेल्या स्त्रियांमध्ये एरिथ्रोमायसिनचा बाळांना काही लाभ दिसला. पाणमोट शाबूत असताना केवळ कळा सुरू झालेल्या स्त्रियांमध्ये मात्र प्रतिजैविकांचा उपयोग झाला नाही. सात वर्षांनंतर या दुसऱ्या गटातील मुलांची पाहणी झाली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत, आईला प्रतिजैविके मिळालेल्या मुलांमध्ये सेरेब्रल पाल्सीचे प्रमाण अधिक आढळले.

हिरड्यांच्या आजाराबाबतही असेच घडले. हिरड्यांचा दाह आणि मुदतपूर्व प्रसूती यांचा संबंध अनेक पाहण्यांत दिसला होता, परंतु अमेरिकेत झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गर्भारपणात हिरड्यांवर उपचार करूनही मुदतपूर्व प्रसूती कमी झाल्या नाहीत. फ्रान्समधील २०१८ च्या चाचणीत, योनिमार्गातील जिवाणूंचा समतोल बिघडलेल्या स्त्रियांना सुरुवातीच्या महिन्यांत क्लिंडामायसिन देऊनही फरक पडला नाही. दोन गोष्टी एकत्र आढळणे आणि एकीमुळे दुसरी घडणे यांत अंतर असते. दाहाची साखळी एकदा सुरू झाली की केवळ जंतू मारून ती थांबत नाही.

नागपूर आणि बेळगावचे प्रयोग

अमेरिकेच्या राष्ट्रीय बालआरोग्य व मानवविकास संस्थेने उभारलेल्या ‘ग्लोबल नेटवर्क’मध्ये भारतातील दोन केंद्रे आहेत. एक नागपुरात डॉ. अर्चना पटेल यांच्या नेतृत्वाखालील लता मेडिकल रिसर्च फाउंडेशनचे आणि दुसरे बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचे. नागपूर परिसरातील ग्रामीण प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रातील गर्भवतींची नोंद ठेवून येथे मोठ्या चाचण्या झाल्या. त्यांपैकी तीन विशेष महत्त्वाच्या आहेत.

पहिली चाचणी स्टिरॉइडची. मुदतपूर्व कळा आलेल्या आईला स्टिरॉइडची इंजेक्शने दिल्यास बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात, हे न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ साली दाखवले होते. सुसज्ज रुग्णालयांत हा उपचार प्रमाण मानला जातो. तो गावपातळीवर नेला तर हजारो बाळे वाचतील, या अपेक्षेने सहा देशांत २०११ ते २०१४ दरम्यान चाचणी झाली. तीत सुमारे एक लाख जन्मांची नोंद झाली. निकाल अपेक्षेच्या उलट आला. कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू घटले नाहीत. सर्व बाळांचा एकत्र विचार करता नवजात मृत्यूंचे प्रमाण दर हजारी २३.९ वरून २७.४ वर गेले आणि मातांमधील संशयित संसर्गही वाढले. गावात गर्भाचे वय नेमके ठरवता येत नव्हते, त्यामुळे इंजेक्शन मिळालेल्या अनेक स्त्रियांची प्रसूती प्रत्यक्षात मुदतपूर्व झालीच नाही. स्टिरॉइड प्रतिकारशक्तीला लगाम घालतात. म्हणून संशोधकांचा संशय संसर्गाकडे वळला.

भारत सरकारने २०१४ साली परिचारिकांना पाठवणीपूर्वी स्टिरॉइडचा पहिला डोस देण्याची मुभा दिली होती. त्यामुळे या निकालाला येथे विशेष महत्त्व होते. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील २९ रुग्णालयांत नवी चाचणी घेतली. बेळगावचे केंद्र तीतही सहभागी होते. गर्भाचे वय सोनोग्राफीने ठरवून आणि नवजात बाळांच्या उपचाराची सोय असलेल्या ठिकाणीच औषध दिले गेले. २०२० च्या निकालात नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले आणि मातांमधील संसर्ग वाढले नाहीत. औषध तेच होते. वयाची अचूक मोजणी आणि रुग्णालयाची सोय यांमुळे परिणाम बदलला.

दुसरी चाचणी ॲस्पिरिनची. नागपूर आणि बेळगावसह सहा देशांतील सात केंद्रांवर, पहिलटकरीण असलेल्या ११,९७६ स्त्रियांना गर्भारपणाच्या ६ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान रोज ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी सुरू करण्यात आली. ॲस्पिरिन दाहाला आळा घालते आणि वारेतील रक्तप्रवाह सुरळीत राखण्यास मदत करते. २०२० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात मुदतपूर्व प्रसूतीचे प्रमाण १३.१ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर आले होते. टक्केवारीतील फरक लहान असला, तरी सुमारे ६७ स्त्रियांमागे एक मुदतपूर्व प्रसूती टळते असा त्याचा अर्थ होतो, तोही काही पैशांच्या गोळीने.

तिसरी चाचणी ॲझिथ्रोमायसिनची. २०१९ ते २०२२ या काळात सात देशांतील २९,२७८ स्त्रियांना प्रसूतिकळा सुरू असताना दोन ग्रॅमचा एकच डोस किंवा निष्क्रिय गोळ्या देण्यात आल्या. मातांमधील जंतुदोष किंवा मृत्यू यांचे प्रमाण २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले, म्हणजे एक तृतीयांशाने घटले. बाळांमधील जंतुदोष आणि मृत्यू यांत मात्र फरक पडला नाही. त्यातच प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू वाढण्याची भीती आहे. दिल्लीतील तीन रुग्णालयांच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवजात बाळांमधील अनेक जंतू नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नसल्याचे दिसले होते. त्यामुळे सरसकट वापराचा निर्णय सोपा नाही.

जन्मानंतरची लढाई

मुदतपूर्व बाळ जन्माला आल्यावरही संसर्गाचा धोका टळत नाही. ‘सर्च’ने गडचिरोलीतील ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांमार्फत घरोघरी नवजात बाळांची काळजी आणि जंतुदोषावर उपचार सुरू केले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या तुलनेत तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटला. या अनुभवाचा आधार घेत २०११ पासून देशभरातील आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी भेटी देऊ लागल्या.

बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरण्याची ‘कांगारू’ पद्धतही अशीच साधी आहे. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जन्मानंतर लगेच ही पद्धत सुरू केल्याने कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. बाळाला ऊब मिळते आणि रुग्णालयातील घातक जंतूंऐवजी आईच्या अंगावरील जंतूंशी त्याची पहिली ओळख होते.

गर्भवतीने काय करावे?

पहिल्या तिमाहीत एक सोनोग्राफी करून घ्यावी. गर्भाचे नेमके वय माहीत असेल, तरच पुढील प्रत्येक उपचाराची वेळ ठरवता येते. लघवीची तपासणी कोणताही त्रास नसतानाही करावी, कारण मूत्रमार्गातील मूक संसर्ग शोधून त्यावर उपचार करणे लाभदायक ठरते. सिफिलिस, एचआयव्ही, हिपॅटायटिस ‘बी’, हिमोग्लोबिन आणि विदर्भात सिकलसेल या तपासण्या टाळू नयेत. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत तपासणी होते. धनुर्वाताच्या लशीसह डॉक्टरांनी सुचवलेल्या लशी वेळेवर घ्याव्यात. आईने घेतलेली लस बाळाचेही रक्षण करते. भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले, त्यात या लशीचा मोठा वाटा होता.

ॲस्पिरिन, प्रतिजैविके किंवा स्टिरॉइड यांपैकी काहीही स्वतःच्या मनाने घेऊ नये. योनिमार्गातून पाणी किंवा रक्त जाणे, दुर्गंधीयुक्त स्राव, ताप, ठरावीक अंतराने पोट आवळून येणे, बाळाची हालचाल कमी होणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास सकाळची वाट न पाहता, नवजात बाळांच्या उपचाराची सोय असलेले रुग्णालय गाठावे. बाळ जन्मल्यानंतर त्याला हलवण्यापेक्षा पोटात असतानाच योग्य ठिकाणी नेणे केव्हाही अधिक सुरक्षित असते.

आणि काय चुकले, या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्या स्त्रीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. गर्भाशयातील मूक संसर्ग तिला कळत नाही आणि तिच्या शरीराने त्याला दिलेला प्रतिसादही तिच्या हाती नसतो. वेळेवर तपासणी आणि जवळचे सुसज्ज रुग्णालय या मात्र कुटुंबाच्या आणि शासनाच्या हातातील गोष्टी आहेत.